सारख्या आवाजाच्या डब्या

“डबीत काय आहे ते पोरांना कधी सांगायचं नाही. वाजवायची, कानाशी धरायची आणि आपण गप्प बसायचं.”

थोरल्या बाईंचं हे बोलणं माझ्या कानात अजून जसंच्या तसं आहे. थोरल्या बाई म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी बालवाडी चालवायला शिकले त्या. त्यांनी शिकवलेल्या पुष्कळ गोष्टी मला जमल्या नाहीत. मी केलेला कागदाचा बेडूक उडी मारायच्या ऐवजी कुशीवर झोपतो. माझ्या बाहुल्यांचे डोळे एकमेकांशी अबोला धरल्यासारखे दोन दिशांना बघतात. पण गप्प बसणं मात्र मला जमलं. इतकं जमलं, की पुढचा सगळा अनर्थ त्यातूनच झाला.

आधीच सांगून टाकते. पहाटे देवापुढे दिवा लावला, की दुपारी बारा वाजेपर्यंत माझं मौन असतं. रोज. त्यात लिहून सांगणंही बसत नाही, कारण तोंडानं नाही तर बोटांनी का होईना, ते बोलणंच झालं. खुणा चालतात का, यावर मी स्वतःशी बराच वाद घातलेला आहे. मान हलवणं, हात जोडणं चालतं; बाकीच्या खुणा अगदी घर पेटलं तर चालाव्यात, असं ठरवलंय. शिवाय सूर्यास्तानंतर मी काही खात नाही आणि कुणाला तोडून बोलत नाही. म्हणजे बारा वाजल्यानंतरही माझ्याकडून कुणाला फारसा त्रास होऊ नये. आमचे हे म्हणतात, “तुझं मौन सुटलं की नाही हे कळायला घड्याळच बघावं लागतं.”

आमची बालवाडी इमारतीच्या तळमजल्यावर, पंपाच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत दुपारी भरते. मध्ये एक पातळ भिंत आहे. पंप सुरू झाला की आमचं गाणं पंप म्हणतो आणि आम्ही नुसते हातवारे करतो. तरी मुलं येतात. त्यांतच कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीची धाकटी येते. येते, उंबऱ्याला पाठ टेकून बसते, आणि जाते. हाक मारली तर बघत नाही. गाणं म्हणत नाही. मुलं तिला खेळात घेत नाहीत, आणि ती मागतही नाही.

मागच्या खेपेला आमच्या पर्यवेक्षिका आल्या होत्या. बाई वाईट नाहीत. मी कुणालाच वाईट म्हणत नाही. पण त्यांना प्रत्येक खोलीतून घाईघाईनं निघायचं असतं. त्यांनी धाकटीच्या मागे उभं राहून एक सणसणीत टाळी वाजवली. सगळी मुलं दचकली. मी दचकले. धाकटी आपल्या फ्रॉकचा धागा ओढत बसली.

“हिला ऐकू येत नाही,” पर्यवेक्षिका म्हणाल्या. “नाव कमी करा. गावाच्या त्या टोकाला अशा मुलांची शाळा आहे, तिथं पाठवा.”

इस्त्रीवाली धावत आली होती. “कसं येत नाही? घरी तर तोंडाचा पट्टा बंद नसतो हिचा! मी इस्त्रीवर पाणी शिंपडलं ना, की नुसत्या आवाजावरनं सांगते, आई, अजून तापली नाही. आई, आता जाळशील. अहो, एवढी वर्षं इस्त्री करते, मला नाही कळत ते!”

“आईला असं वाटतंच,” पर्यवेक्षिका गोड आवाजात म्हणाल्या. “पुढच्या भेटीत बघू. पण तेव्हा मला काहीतरी ठोस दिसलं पाहिजे.”

गावाच्या त्या टोकाला जाऊन येण्यात इस्त्रीवालीचा अर्धा दिवस गेला असता. म्हणजे ती जाणार नव्हती. म्हणजे धाकटी इस्त्रीच्या टेबलाखाली बसून मोठी झाली असती. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि पर्यवेक्षिकांना माहीत करून घ्यायला वेळ नव्हता.

तेव्हा मला थोरल्या बाईंच्या डब्या आठवल्या. झाकणाच्या छोट्या पत्र्याच्या डब्या घ्यायच्या. दोन डब्यांत वाळू, दोनांत खडे, दोनांत मणी, दोनांत बिया. बाहेरून सगळ्या एकसारख्या. मुलानं डबी वाजवायची, आणि तसाच आवाज करणारी दुसरी शोधायची. बोलायचं काही नाही. धाकटीला जर इस्त्रीचा ताप कानानं कळत असेल, तर या डब्यांच्या जोड्या ती बसल्या बसल्या लावील, आणि पर्यवेक्षिकांना त्यांचं ठोस मिळेल. खर्च म्हणाल तर जवळजवळ काहीच नाही.

एका डबीत वाळू भरून मी धाकटीपुढे वाजवली. तिनं धागा सोडला. डबी माझ्या हातातून घेतली, कानाशी धरली, आणि डोळे बारीक केले, जसं आपण लांबचं काही बघताना करतो. मग फ्रॉकच्या खिशातून एक बटण काढलं. इस्त्री करताना लोकांच्या कपड्यांची बटणं गळतात, ती तिची आई एका बरणीत ठेवते. त्यांतलंच हे, मोठं, कोटाचं, चार भोकांचं. तिनं ते माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी मूठ बंद केली.

“ह्याची डबी हवी तुला?” मी म्हणाले. “करू. जोडीची डबीसुद्धा करू. करून तुझ्या हातात देईन.”

तिनं आधी माझ्या ओठांकडे पाहिलं, मग मुठीकडे. मान हलवली नाही. पण त्या दिवशी जाताना ती उंबऱ्यावर थांबून एकदा मागे वळली. एवढंच. बाकी सगळं मी केलं, आणि माझ्या शेजाऱ्यांनी केलं, आणि तेच आता सांगायचं आहे.

जिन्याखालच्या फळ्यावर ह्यांनी माझ्या सांगण्यावरून चार शब्द लिहिले: “बालवाडीसाठी झाकणाच्या रिकाम्या छोट्या डब्या हव्यात.” काम संपलं होतं. पण आमच्या वरच्या मजल्यावर एक वहिनी राहतात. त्यांचा उत्साह असा, की त्यांच्या घरी दूध उतू जात नाही, तेच आधी गॅस बंद करतं. त्या जिना उतरत होत्या. त्यांनी खडू उचलला आणि खाली लिहिलं, “वा तत्सम टाकाऊ वस्तू.”

माझ्या आयुष्याचं वाटोळं ‘तत्सम’ या शब्दानं केलं असं मी म्हणत नाही. पण आमच्या दिवाणखान्याचं केलं.

लोक कामावर जायच्या आधी सामान आणून द्यायचे, म्हणजे सकाळी, म्हणजे माझ्या मौनात. दार वाजायचं. मी उघडायची. समोर कुणीतरी हातात काहीतरी धरून उभं असायचं, आणि त्या काहीतरीचा डबीशी दूरचाही संबंध नसायचा. मी नकाराची मान हलवायची. ते म्हणायचे, “नाही नाही, पैसे नकोत!” आणि ठेवून जायचे. इमारतीतल्या प्रत्येक घराला वर्षानुवर्षं जे टाकवत नव्हतं आणि ठेववत नव्हतं, ते बालशिक्षणाच्या नावानं आमच्याकडे आलं. पाती नसलेला पंखा आला. पंखा नसलेली पाती आली, ती दुसऱ्या घरातून, आणि ती एकमेकांना बसेनात. काटे पडलेलं भिंतीवरचं घड्याळ आलं. एका पायाचा बूट आला. शिंप्यानं धड दिलं, म्हणजे ज्यावर कपडे मापून बघतात ते लाकडी धड. ते दाराशी उभं केलं तर रोज सकाळी दूधवाला त्याला नमस्कार करायला लागला. दंतवैद्यांनी प्लास्टरचे जबडे दिले. डब्यासुद्धा आल्या, नाही असं नाही. त्या वरच्या वहिनी स्वच्छ धुऊन कागद चिकटवायला आपल्या घरी घेऊन गेल्या. देवाच्या मनात होतं म्हणून त्या तेवढ्या वाचल्या.

“आपल्याकडे बसायला जागा कुठाय?” ह्यांनी एका संध्याकाळी विचारलं.

“पंख्याच्या मागे एक खुर्ची आहे,” मी म्हणाले.

“ती कुणी दिली?”

“ती आपलीच आहे.”

ह्यांनी खुर्चीकडे जुनी ओळख पटल्यासारखं पाहिलं आणि जाऊन बसले. मीही मान खाली घालून डब्यांत भरायच्या वस्तू निवडू लागले. वाळू चाळून घेतली होती. गोल खडे वेगळे, चपटे वेगळे. मणी, बिया, तुटक्या माळांचे शिंपले. सगळ्याच्या पुरचुंड्या बांधून मी त्या एका ट्रंकेत ठेवल्या. ट्रंकसुद्धा कुणीतरी ‘तत्सम’ म्हणूनच दिली होती.

एके सकाळी सफाई खात्याचे साहेब आले. वासाची तक्रार होती म्हणे. वास कसला, माझ्या लक्षात आलं नाही. पण एकटा बूट माझ्या मनातून उतरला.

“हे भंगार कुणाचं?”

मी हात जोडले.

“हात जोडू नका. कुणाचं, ते सांगा.”

मी पुन्हा हात जोडले. तेवढ्यात वरच्या वहिनी आल्या. “साहेब, त्या बोलत नाहीत. व्रत आहे त्यांचं. मी सांगते. ताईंना असं म्हणायचंय, की हे भंगार नाही, हे शैक्षणिक साहित्य आहे.”

या दिवसापासून वरच्या वहिनी माझ्या दुभाषी झाल्या. मी त्यांना नेमलं नव्हतं. पण नाही म्हणायला मी बोलायला हवं होतं.

साहेबांनी जबडा उचलला. “हे काय शिकवतं?”

“दात घासणं,” वहिनी.

“आणि हे?” हे म्हणजे कुणाच्या तरी न्हाणीघरातलं जुनं झाकण होतं.

वहिनींनी क्षणभर विचार केला. “लंबगोल.”

साहेबांनी शांतपणे सगळं टिपून घेतलं आणि म्हणाले, “शिक्षण खात्याकडून दाखला आणा की हे साहित्य आहे. मग माझं काही म्हणणं नाही.” ह्यांनी अर्धी रजा टाकून शिक्षण खात्याचं कार्यालय गाठलं. तिथं कळलं, की तयार झाल्यावरच ते साहित्य. तोवर तो कच्चा माल. दाखला तयार साहित्याला मिळतो. कच्चा माल घरात साठवायचा तर परवानगी सफाई खात्याची.

“दोन्ही खात्यांचं एकमत आहे,” हे घरी येऊन चपला काढत म्हणाले. “आधी दुसऱ्यानं.”

दोन दिवसांनी गाडी आली. अर्थात सकाळी. माणसं भराभर सामान उतरवू लागली. पंखा गेला, धड गेलं, एकटा बूट गेला. खरं सांगते, मला अगदी हलकं वाटलं. देव कुणाच्या रूपानं येईल सांगता येत नाही, असं मी मनात म्हणायला आणि ट्रंक जिन्यावरून खाली जायला एकच गाठ पडली. मी ट्रंकेमागे धावले. गाडी सुरू झाली होती. मी जिवाच्या आकांतानं दोन्ही हात हलवले. गाडीच्या मागे उभ्या असलेल्या माणसानंही मला प्रेमानं हात हलवून निरोप दिला.

माझी वाळू, माझे खडे, माझ्या बिया! घर पेटलं तर खुणा चालाव्यात असं मी ठरवलं होतं. त्या दिवशी कळलं, की खुणांनी आगसुद्धा विझली नसती.

आता फक्त डब्या उरल्या होत्या, आणि त्यांतल्या एकीत ते बटण. ते मी आधीच भरून ठेवलं होतं. रविवारी सकाळी आमच्या रिकाम्या दिवाणखान्यात बैठक भरली. ती आमच्याकडे का, तर “ताई घरीच असतात.” सकाळी का, तर सगळ्यांना तेव्हाच जमतं. बैठकीत खालच्या मजल्यावरचे मापकाका आले. मापकाका वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. बाजारातल्या काट्यांशी त्यांनी उभा जन्म झुंज दिली आणि आता घरात तराजूवर चहाची पूड तोलतात.

“मूळ प्रश्न असा,” काका म्हणाले, “की डबीत किती आणि काय जाणार, हे ठरवतंय कोण? मनाला येईल ते भरायचं? एका पोराच्या वाट्याला जड डबी, दुसऱ्याच्या हलकी? एकीत खडे, एकीत धूळ? हा काय न्याय झाला?”

“बरोबर आहे,” सगळे म्हणाले.

मी मान हलवली. उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे, मानेचं जे काही व्हायचं ते होवो म्हणून.

“माझा पुतण्या सायकलदुरुस्ती करतो. त्याच्याकडे छर्रे आहेत. सगळे एकाच मापाचे. प्रत्येक डबीत तेवढेच, तराजूवर तोलून. वर लाखेचं सील. एकही डबी दुसरीपेक्षा कणभर कमी नाही की जास्त नाही. आहे कुणाची हरकत?”

मी उठले. एक डबी उजव्या हातात घेऊन हळू हलवली, दुसरी डाव्या हातात जोरात हलवली. वेगळी, वेगळी, असं डोळ्यांनी सांगितलं. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं.

वरच्या वहिनी उठून उभ्या राहिल्या. “ताईंना म्हणायचंय, दोन्ही हातांनी काम करू. बघा किती मनापासून!”

टाळ्या झाल्या. माझ्यासाठी. मी खाली बसले.

बारा वाजले तेव्हा डब्या काकांबरोबर खाली गेल्या होत्या आणि खोलीत फक्त हे उरले होते. मी तोंड उघडलं. “अहो, सगळ्या डब्या सारख्या वाजल्या तर जोडी कशाची लावायची? आवाज वेगळे असतात म्हणूनच तो खेळ असतो!”

“बरोबर,” हे म्हणाले.

“मग तुम्ही का बोलला नाहीत?”

“मला वाटलं, तुझी संमती आहे. तुला टाळ्या मिळाल्या.”

मी तडक मापकाकांकडे गेले. काकू म्हणाल्या, ते झोपलेत. दुपारी पुन्हा गेले, तर काका पुतण्याच्या दुकानात गेले होते. संध्याकाळी गेले, तेव्हा जेवणाच्या टेबलावर डब्यांची पलटण उभी होती, प्रत्येकीवर लाल लाखेचं सील. अगदी देखण्या. पर्यवेक्षिका आठवड्याच्या अखेरीला यायच्या होत्या.

“काका,” मी म्हणाले, “मला वेगवेगळे आवाज हवे होते.”

“आं? जरा मोठ्यानं. माझा हा कान गेलाय.”

“वेगवेगळे आवाज!”

“आवाज ना? आवाज उत्तम आहे.” त्यांनी एक डबी उचलली, नेमकी गेलेल्या कानाशी धरली, हलवली, आणि तृप्तीनं डोळे मिटले. “सगळ्या एकसारख्या. एकूण एक तपासली.”

तुम्हीच सांगा, अशा माणसाला तोडून कसं बोलावं? व्रत नसतं तरी बोलवलं नसतं.

“फक्त एका डबीत भेसळ सापडली,” काका डोळे उघडून म्हणाले. “बटण होतं. काढलं.”

“ते बटण कुठाय?” माझा आवाज एवढा मोठा झाला, की काकू आतून आल्या.

“जप्त आहे. पुरावा मी फेकत नाही. खणात सीलबंद ठेवलाय.” आणि काका फिरायला निघून गेले, खणाची किल्ली कनवटीला लावून.

मी डब्या उचलून बालवाडीत नेऊन ठेवल्या. म्हटलं, उद्या बारानंतर सगळी सीलं फोडू, नव्यानं खडे-वाळू गोळा करू, चार दिवस हातात आहेत. माणसानं असं काही मनाशी ठरवू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पर्यवेक्षिका बालवाडीच्या दाराशी उभ्या. आठवड्याच्या अखेरीला त्यांना कसल्याशा उद्घाटनाला जायचं होतं, म्हणून त्यांनी भेट अलीकडे ओढली होती. वरच्या वहिनींनी घरोघर फिरून मुलं गोळा केली, पाठोपाठ आया आल्या, मापकाका इस्त्रीचा सदरा घालून आले. इस्त्रीवालीही आली, धाकटीचा हात धरून. तिचा दुसरा हात ओलाच होता.

“लोकसहभाग आहे?” पर्यवेक्षिकांनी विचारलं. सगळ्यांनी हात वर केले. मुलांनीही केले.

डब्यांचा ट्रे मधोमध ठेवला. खेळ काय आहे ते वहिनींनी समजावून सांगितलं. मी सांगितलं असतं त्यापेक्षा चांगलं सांगितलं. पहिला मुलगा पुढे आला, हाताला लागतील त्या दोन डब्या उचलून त्यानं खुळखुळवल्या. पर्यवेक्षिकांनी दोन्ही कानाशी लावल्या. “अरे वा! जुळल्या!” टाळ्या. दुसरी मुलगी आली. तिच्याही जुळल्या. तिसऱ्यानं तर वाजवलंही नाही, नुसत्या उचलून दिल्या. जुळल्या! एक लहानगा डबी चाटत उभा होता, त्याच्याही जुळल्या. आया रडायच्या बेतात. पर्यवेक्षिका म्हणाल्या, असा निकाल त्यांनी कुठल्याच बालवाडीत पाहिला नाही. मला अगदी पटलं.

मग धाकटी.

तिनं एक डबी घेतली, कानाशी धरली, डोळे बारीक केले. ठेवली. दुसरी घेतली. पुन्हा पहिली. तिसरी. ती एकेक डबी घेत होती, हलवत होती आणि परत ठेवत होती, अगदी सावकाश, ओळीनं. कुठलीच दोन उचलून दिली असती तर टाळ्या पडल्या असत्या. पण तिला कुणीतरी सांगितलं होतं, की यांत एक डबी बटणाची आहे, आणि ती शोधत होती. ट्रे संपला. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. ज्यानं लपवलं त्यालाच मूल विचारतं, तसं.

मग पुन्हा पाठ करून ती ट्रेकडे वळली आणि पहिल्या डबीपासून सुरुवात केली.

“बघा,” पर्यवेक्षिका हलक्या आवाजात म्हणाल्या. “सगळ्यांना जमलं. हिला नाही.”

मी आजवर कुठल्या मोहानं मौन मोडलेलं नाही. त्या दिवशी मोडलं. देवाची क्षमा मागायलाही थांबले नाही. म्हणाले, “मॅडम, चूक तिची नाही. त्या सगळ्या सारख्याच आहेत.”

नेमका पलीकडे पंप सुरू झाला.

पंप नसता तरी माझा आवाज कुठवर गेला असता देव जाणे. वरच्या वहिनींनी फक्त माझे ओठ हलताना पाहिले. त्या पर्यवेक्षिकांच्या कानाशी वाकून ओरडल्या, “ताई म्हणतायत, मुलं त्यांना सगळी सारखीच आहेत!”

“किती सुंदर!” पर्यवेक्षिका म्हणाल्या, आणि सगळ्यांनी माझ्यासाठी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

टाळ्या नंतर. त्याच्या आधी, पंपाच्या त्या घरघरीत, मी बोलले तेव्हा धाकटी वळली होती. तिची पाठ माझ्याकडे होती. ती डबी हातात तशीच धरून गर्रकन वळली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली, सकाळचं माझं तोंड बोलतं हा काय चमत्कार म्हणून. हे मी पाहिलं, आणि तिच्या आईनं.

“वळली!” इस्त्रीवाली ओरडली. “मॅडम, बघितलंत? ताई बोलल्या आणि ही वळली!”

पर्यवेक्षिका फोटोसाठी मापकाकांच्या शेजारी उभ्या राहत होत्या. “काय म्हणता?”

“वळली हो पोर!”

“मुलं वळतातच,” त्या कॅमेऱ्याकडे बघत म्हणाल्या. “चंचल असतात.”

जाताना त्यांनी पुढच्या भेटीपर्यंतची मुदत दिली, माझ्या वयाकडे बघून असावी. त्यानंतर मात्र नाव कमी. आणि डब्या घेऊन गेल्या. इतकं एकसारखं साहित्य आजवर कुणी केलं नव्हतं म्हणे. त्यांच्या कार्यालयात काचेचं कपाट आहे, तिथं त्या मांडल्या आहेत. ‘आदर्श साहित्य. हात लावू नये.’ मापकाका एकदा मुद्दाम बघून आले.

इस्त्रीवालीनं धाकटीचा हात धरला. “येते ताई,” एवढंच म्हणाली. धाकटीनं वळून पाहिलं नाही. बटण दिलेल्या दिवशी पाहिलं होतं, तसं. त्या दुपारी ती बालवाडीतही आली नाही. जिन्याच्या खिडकीतून कोपरा दिसतो. टेबलाखाली तिचे पाय दिसत होते.

संध्याकाळी मी जेवले नाही. ह्यांनी विचारलं, काय झालं.

“मौन मोडलं मी.”

“कुणी ऐकलं?”

“कुणी नाही.”

“मग मोडलं कसं?”

“देवानं ऐकलं असेल.”

“मग त्यालाच पाठव तुझ्या मॅडमकडे,” हे म्हणाले. मी रडायला लागले. तेव्हा ह्यांनी उठून खुंटीवरच्या पिशवीतून दोन डब्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. मापकाकांनी नापास केलेल्या होत्या. पोचलेल्या, मापात न बसणाऱ्या. ह्यांनी त्या फेकल्या नव्हत्या. का, ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. ह्यांचंही एक मौन आहे. त्याला वेळकाळ नाही.

सकाळी दिवा लावला. मौन पुन्हा धरलं. मोडलेल्या व्रताचं काय करायचं असतं, ते मला ठाऊक नाही. पुन्हा धरायचं, एवढंच सुचलं. मग दोन्ही डब्या पदरात घेऊन खाली गेले आणि मापकाकांच्या दाराशी उभी राहून तळहात पुढे केला.

“काय हवंय?” काका म्हणाले. “साखर? अगं, या काय मागतायत बघ.”

काकू आल्या. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. “द्या ते बटण त्यांचं,” त्या नवऱ्याच्या चांगल्या कानाशी म्हणाल्या.

“ती भेसळ आहे.”

“असू दे. द्या.”

काकांनी खण उघडला, पाकिटावरचं सील मोडलं. बटण माझ्या हातावर ठेवताना ते जरा घुटमळले. “पण एकाच बटणाची जोडी कशी होणार? दुसरं नेमकं असंच पाहिजे. या वजनाचं.”

मी खिडकीतून कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथं एका बरणीत गावभरच्या कपड्यांची बटणं आहेत. तीत याचं भावंड नसेल, तर मी दारोदार जाईन, जुने कोट विचारीन. पुढच्या भेटीपर्यंत वेळ आहे. नसला तरी जाईन.

मी बटण डबीत टाकलं आणि झाकण लावलं.

जिन्यात वरच्या वहिनी भेटल्या. “ताई! एवढ्या सकाळी कुठं?” त्यांनी सवयीनं मागे वळून कुणाला तरी माझं म्हणणं सांगायला तोंड उघडलं. जिन्यात दुसरं कुणी नव्हतं. त्या माझ्याकडे बघत तशाच राहिल्या.

मी त्यांना वाट देऊन उतरू लागले. पायरीपायरीला हातातली डबी वाजत होती, खुडुक, खुडुक. पोचलेल्या पत्र्यावर मोठं बटण वाजतं तसं. मौन माझं होतं, डबीचं नव्हतं. मूठ जरा सैल केली, म्हणजे कोपऱ्यापर्यंत ऐकू जाईल.